हेमकुंडचा तलाव एका दिवसात होईल का? बेत तपासून द्या

एन_सात
नमस्कार मंडळी. हिमालयातला बर्फाच्या पाण्याचा एखादा तलाव पायी चालत जाऊन बघायचा, हे बरेच दिवस डोक्यात आहे. आठ-दहा दिवसांचा ट्रेक, तंबू, स्लीपिंग बॅग हे आमच्याच्यानं होणार नाही. सकाळी निघायचं, तलाव बघायचा, संध्याकाळी खाली, असं काहीतरी हवं. शोधता शोधता उत्तराखंडातल्या हेमकुंडवर येऊन थांबलोय, तलावाकाठी शिखांचा गुरुद्वारा आहे तेच.

माणसं चार. मी, बायको, मेव्हणा (रोज सकाळी आमच्या संभाजीनगरच्या हर्सूल तलावाला फेरी मारतो, त्यामुळे स्वतःला शेर्पा समजतो) आणि आई. आईचं वय 61, शुगर नाही, बीपीची गोळी चालू आहे.

बेत असा: 17 सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या सुट्टीला जोडून रजा टाकायची. सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली. तिथून लगेच टॅक्सी, ऋषिकेशवरून थेट गोविंदघाट. पहाटे चारला चालायला लागायचं, हेमकुंड करून अंधाराच्या आत परत गोविंदघाटला. दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ, कारण इतक्या लांब जाऊन बद्रीनाथ केलं नाही तर आई आयुष्यभर ऐकवेल. जमेल का? बिनधास्त सांगा.

मोंढ्यातला_माणूस
बद्रीनाथ जमेल. बाकीचं नाही.

नगीनाघाट
मी नांदेडचा, आमच्या घरातून दरवर्षी कोणी ना कोणी हेमकुंड साहिबला जातंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा घोळ "एका दिवसात" या शब्दांपाशी झालाय. हेमकुंडचा एक दिवस घांगरियापासून मोजतात, गोविंदघाटपासून नाही. गोविंदघाट साधारण 1,830 मीटरवर आहे. तिथून पुलन्यापर्यंत चारेक किलोमीटर जीप जाते. पुलन्यापासून लक्ष्मणगंगेच्या काठानं दहा किलोमीटरच्या आसपास चालत घांगरिया. भ्यूंडारपर्यंत रस्ता गोड वाटतो, गप्पा मारत माणूस पोचतो. पूल ओलांडला की खरा चढ लागतो आणि गप्पा बंद होतात. घांगरिया 3,050 मीटर. आमच्यात त्याला गोविंदधाम म्हणतात. इथं मुक्काम.

दुसऱ्या दिवशी घांगरिया ते हेमकुंड सहा किलोमीटर. आकडा ऐकून मेव्हणे हसतील. पण या सहा किलोमीटरांत जवळपास 1,200 मीटर चढायचंय. तुम्ही संभाजीनगरचे, म्हणून तुमच्या हिशोबात सांगतो: देवगिरीचा डोंगर 200 मीटर धरला तर सहा देवगिरी एकावर एक, आणि तेही अशा हवेत जिथं श्वास निम्म्यावरच संपल्यासारखा वाटतो.

वर मुक्कामाची परवानगी नाही, कोणालाच नाही. दुपारची शेवटची अरदास (प्रार्थना) झाली की दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली पाठवतात. म्हणजे तुम्ही किती वाजता निघता यापेक्षा किती वाजता वर पोचता याला महत्त्व. घांगरियाहून पहाटे पाचच्या आत पाय उचलले तर आईंच्या चालीनं दहा-अकरापर्यंत पोचाल. दर्शन, लंगर, तलावाकाठी तासभर, आणि उतरायला सुरुवात. गोविंदघाटहून एका दमात कराल तर वर पोचाल तेव्हा वरची माणसं खाली येत असतील.

एन_सात
नगीनाघाट जी, मनापासून आभार. सहा देवगिरी वाचून मेव्हणा गप्प झालाय, हेच मोठं काम झालं. पण मग मुक्काम वाढला की रजा वाढली. एक रात्र घांगरियात पुरेल ना?

बालाघाट_वारा
थोडं विरोधी मत. धागाकर्त्याला रानातला तलाव बघायचाय की यात्रा करायचीय? हेमकुंडच्या वाटेवर फरसबंदी आहे, टपऱ्या आहेत, मॅगी आहे, घोड्यांची लीद आहे आणि जूनमध्ये तर मुंगीला शिरायला जागा नाही. निवांतपणा पाहिजे तर मनालीकडचा भृगू तलाव बघा. रोहतांगच्या रस्त्यावर गुलाबापर्यंत गाडी, वर सगळी कुरणं, आणि 4,200 मीटरच्या वर तलाव. तिथली पोरं एका दिवसात जाऊन येतात.

डॉ_सुट्टीवर
"तिथली पोरं" हे त्या वाक्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. ती पोरं मनालीत जन्मली, दोन हजार मीटरवर. आपण पाचशे मीटरवर राहणारी माणसं. गाडीतून सरळ तीन हजारावर उतरायचं आणि त्याच दिवशी आणखी हजार-बाराशे मीटर चढायचं, यात उंचीचा त्रास व्हायची शक्यता चांगलीच आहे. भृगू वाईट नाही, पण त्याआधी मनालीत आणि वर कुरणात एकेक रात्र काढून करावा. मग तो एका दिवसाचा राहत नाही.

आता हेमकुंडबद्दल. साधारण 2,500 मीटरच्या वर गेल्यावर डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं हा त्रास सुरू होऊ शकतो. तो लगेच होत नाही, बहुतेक वेळा पोचल्यावर सहा ते बारा तासांनी होतो. त्यामुळे माणूस वर जाऊन "मला काहीच झालं नाही" म्हणत उतरतो आणि निभावून जातं. हेमकुंडला मुक्काम करू देत नाहीत हे शरीराच्या दृष्टीनं उलट बरंच आहे. धोका वर नाही, आदल्या रात्री घांगरियात आहे. तिथं रात्री डोकं ठणकत असेल, जेवण जात नसेल, तर सकाळी वर जायचं नाही. "इथपर्यंत आलोय तर" हे वाक्य त्या सकाळी घरात कोणी उच्चारायचं नाही, आधीच ठरवून ठेवा.

वरची हवा: 4,300 मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. प्राणवायूचं हवेतलं प्रमाण तेच, पण एका श्वासात हाती लागतो तो साठ टक्के. म्हणून चाल निम्मी ठेवा. बोलता येईल इतक्याच वेगानं चढायचं.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. गोळी चांगली आहे, पण आईंच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असू शकतं आणि डायमॉक्सही तेच करतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर वेगळाच प्रश्न. इथं कोणाच्या प्रतिसादावरून घेऊ नका, माझ्याही नाही. नेहमीच्या डॉक्टरांना गोळ्यांची पट्टी दाखवून विचारा.

आणि हे मात्र पाठ करा: बसल्या जागी दम लागतोय, खोकला थांबत नाही, किंवा सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालताना झोक जातोय, तर ताबडतोब खाली. रात्र असो, पाऊस असो. औषध त्यानंतर.

मोंढ्यातला_माणूस
डॉक्टर, आई घोड्यावर बसल्या तर? कष्ट वाचले ना.

डॉ_सुट्टीवर
घोड्यानं पाय वाचतात. उंची तीच राहते, उलट शरीर जास्त पटकन वर पोचतं. शिवाय बसलेल्या माणसाला थंडी जास्त वाजते, चालणाऱ्याला कमी. गुडघ्यांसाठी घोडा करायचा तर जरूर करा. उतरताना मात्र पायीच बरं, ओल्या दगडांवर घोडा घसरतो तेव्हा वर बसलेल्याचा जीव मुठीत असतो. आणि ते बाजारातले हातातले प्राणवायूचे डबे घेऊ नका. काही मिनिटांत संपतात, मनाचं समाधान तेवढं होतं.

तेरणाकाठ
आमच्या गावातले चौघं गेल्ते मागं. लै भारी म्हणालते. पण एकजण पुड्या भरून घेऊन गेल्ता खिशात, त्याला तिथं सेवादारानं हात जोडून बाहेर काढायला लावलं सगळं. शरमंनं मान खाली. तेव्हा मेव्हण्याला जर सवय असंल तर पुडी, बिडी, तंबाखू सगळं गोविंदघाटच्या खालीच सोडून द्यायचं. गुरुद्वाऱ्यात ते चालतच नाही.

नगीनाघाट
तेरणाकाठ भाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. डोकं झाकायला रुमाल प्रत्येकाजवळ ठेवा. रस्त्यात ऋषिकेश, श्रीनगर (काश्मीरचं नाही, गढवालचं), जोशीमठ, गोविंदघाट, घांगरिया अशा सगळ्या ठिकाणी गुरुद्वारे आहेत, मुक्काम आणि लंगर दोन्हीची सोय होते. कोणत्याही धर्माचा माणूस चालतो. खाटेची अपेक्षा मात्र नको, गर्दीत हॉलमध्ये कांबळं मिळतं. आईंसाठी घांगरियात लॉज घ्या, साधे असतात पण खोली मिळते.

वर लंगरमध्ये गरम चहा आणि खिचडी असते. ही खिचडी खाताना एक लक्षात घ्या: त्या उंचीवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. आणि तिथलं प्रत्येक पोतं माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरून वर गेलेलं असतं. ताटात टाकू नका एवढंच.

इतिहास विचारला नाही, पण सांगतो. सात शिखरांनी वेढलेल्या हेमकुंडाचा उल्लेख गुरू गोविंदसिंगांच्या नावावर असलेल्या बचित्तर नाटक या रचनेत आहे. त्यावरून 1930 च्या दशकात संत सोहन सिंग आणि हवालदार मोदन सिंग यांनी ही जागा शोधली. तलावाच्याच काठावर लक्ष्मणाचं मंदिरही आहे, तिथले लोक या जागेला लोकपाल म्हणतात. त्यामुळे आईंची दोन्हीकडे सोय होईल. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये आमच्या नांदेडला देह ठेवला. म्हणून नांदेडचा माणूस हेमकुंडला गेला की तिथले सेवादार दोन मिनिटं जास्त बोलतात, हे मी पाहिलंय.

तुळजाई
सगळे उंचीचं बोलतायत, तारखेचं कोणी बोलत नाही. एन_सात भाऊ, 17 सप्टेंबर म्हणता, पण यंदा महालक्ष्म्या त्याच आठवड्यात आहेत. बायकोला विचारलंत का?

एन_सात
ताई, नाही विचारलं. आता विचारलं. बेत पुढे गेला.

मोंढ्यातला_माणूस
😂 उंचीचा त्रास घरातच सुरू झाला.

बालाघाट_वारा
तारखेवरून महत्त्वाचं. हेमकुंड 2024 आणि 2025, दोन्ही वर्षी 25 मेला उघडलं आणि 10 ऑक्टोबरला बंद झालं. यंदाच्या तारखा जाहीर झाल्यावर नीट बघून घ्या. उघडायच्या आधी लष्कराचे जवान बर्फ कापून वाट करतात. मे-जूनमध्ये गेलात तर वाटेत दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, तलाव गोठलेला. ज्याला निळं पाणी बघायचंय त्यानं तेव्हा जाऊन उपयोग नाही. आणि बर्फावरचं ऊन डोळे जाळतं, काळा चष्मा विसरू नये.

जुलै-ऑगस्टमध्ये फुलं. ब्रह्मकमळ वरच्या टप्प्यात वाटेच्या कडेलाच दिसतं. पण त्याच दिवसांत बद्रीनाथच्या रस्त्यावर दरडी. रस्ता दोन-दोन दिवस बंद पडतो, आणि तुमची परतीची गाडी त्याची वाट बघत नाही. सप्टेंबर संपता संपता आकाश मोकळं होतं, गर्दी ओसरते, ब्रह्मकमळं बहुतेक संपलेली असतात, थंडी चांगलीच पडते. मला विचाराल तर तुमच्यासाठी हाच काळ. फुलं हुकतील, पण पाणी दिसेल.

तुळजाई
अनंत चतुर्दशीनंतर निघा मग. लगेच पितृपंधरवडा लागतो, पण बद्रीनाथला ब्रह्मकपालावर पिंडदान करतातच. सासूबाईंना हे सांगा, स्वतःच बॅग भरतील.

एन_सात
ताई, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? आईनं हे ऐकलं आणि तिचा होकार आला. आता घोडासुद्धा नको म्हणतेय.

लिंबोणी
मी फक्त वाचत होते, एक शंका आहे. कपडे काय न्यायचे? आमच्याकडे परभणीत स्वेटर म्हणजे डिसेंबरात पंधरा दिवस. एवढ्यासाठी हजारोंची जॅकेटं घ्यायची का?

बालाघाट_वारा
नाही घ्यायची. आपल्याकडे काय करतात, एक जाडजूड जॅकेट घेतात आणि आत सुती बनियन. चढताना घाम येतो, सुती कापड भिजतं, वर वारा लागला की तेच ओलं कापड अंगाला बर्फासारखं चिकटतं. आत खेळाडू घालतात तसा पटकन वाळणारा टी-शर्ट, त्यावर एक लोकरी किंवा फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे. वर पोचल्या पोचल्या आतला टी-शर्ट बदलायचा, म्हणून एक कोरडा पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही आणि जडही होते.

बूट नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या, महिनाभर वापरा. जाड मोजे घालून मापून बघा, उतरताना अंगठा पुढे आपटतो आणि नख काळं पडतं. काठी गोविंदघाटला मिळते, ती घ्याच. मेव्हण्यांनाही द्या. शेर्पासुद्धा काठी घेतात.

लिंबोणी
आणि खायला?

तेरणाकाठ
दशम्या घ्या ताई. धपाटे दोन दिवस टिकतेत, दशम्या त्याहून जास्त. शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे. चढताना जेवण जात नाही, गूळ जातो. बिस्किटाच्या नादी लागू नका, कोरडा घसा होतो.

नगीनाघाट
सचखंडमध्ये जेवणाची चिंताच नको. वाटेत स्टेशनांवर लंगर येतं, ताट-डबा आपला ठेवायचा. गाडी नांदेडहून सकाळी निघते, परभणी, जालना करत तुमच्याकडे येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास दिल्ली. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. तारीख ठरली की त्या सकाळी मोबाइल हातात घेऊन बसा.

पण दिल्लीत उतरून रात्रभर टॅक्सीनं गोविंदघाट, हे काढून टाका. ऋषिकेशच्या पुढे डोंगरात रात्री गाड्या चालू देत नाहीत, आणि देत असते तरी जाऊ नये. ऋषिकेशहून गोविंदघाट पावणेतीनशे किलोमीटर. ऐकायला संभाजीनगर ते नांदेडइतकंच, पण दिवस पुरत नाही. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग, विष्णुप्रयाग, पाचही प्रयाग त्याच रस्त्यावर लागतात. पहाटे निघालात तर उजेडात पोचाल.

डॉ_सुट्टीवर
मी एक दिवस आणखी मागतो. घांगरियाला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हेमकुंड न करता फुलांच्या घाटीत जा. घांगरियाच्या पुढे वाट फुटते, एक घाटीकडे, दुसरी हेमकुंडकडे. घाटी हेमकुंडपेक्षा बरीच खाली आहे. तीनचार तास फिरून परत झोपायला घांगरियातच. शरीराला उंचीची ओळख होते आणि तिसऱ्या दिवशी हेमकुंडचा चढ निम्मा सोपा जातो. आईंना त्या दिवशी आराम करायचा असेल तरी चालेल, मुक्काम त्या उंचीवर झाला हे पुरेसं.

बालाघाट_वारा
याला माझं पूर्ण अनुमोदन. सप्टेंबर अखेरीस घाटीत फुलं कमी आणि गवताला तांबूस रंग चढलेला असतो, माणसं नसतात. ज्याला रान हवं होतं त्याला ते इथं मिळेल. 1931 मध्ये फ्रँक स्माइथ कामेट शिखर चढून उतरताना वाट चुकून या घाटीत आला, तेव्हापासून बाहेरच्या जगाला ती माहीत झाली. भ्यूंडारच्या लोकांना ती आधीपासून माहीत होती, हे कोणी लिहीत नाही. 2005 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आतमध्ये खायला काही मिळत नाही, डबा न्या आणि कचरा परत आणा.

मोंढ्यातला_माणूस
एवढं सगळं करण्यापेक्षा थांबा की जरा. रोपवे होतोय ना? मार्च 2025 मध्ये मंजूर झालाय, गोविंदघाट ते हेमकुंड 12.4 किलोमीटर, 2,730 कोटी. पाळण्यात बसायचं, तलाव बघायचा, खाली.

डॉ_सुट्टीवर
1,800 वरून थेट 4,000 च्या वर, बसल्या जागी? माझ्याकडे पेशंट वाढतील तेवढे.

नगीनाघाट
माझ्या आजीसारख्यांना रोपवेनं दर्शन होईल, म्हणून मी त्याच्या विरोधात बोलणार नाही. पण घोडेवाले, कंडीवाले (पाठीवरच्या टोपलीत माणूस बसवून नेणारे), टपऱ्यावाले यांचं वर्ष या चार-साडेचार महिन्यांवर चालतं. त्यांचं काय, हे विचारायला हवं. असो, तो वेगळा धागा होईल.

बालाघाट_वारा
वेगळा धागा काढाच, मला खूप बोलायचंय. 2013 च्या जूनमधल्या पुरात गोविंदघाटचं काय झालं, 2023 च्या जानेवारीत जोशीमठच्या घरांना कशा भेगा पडल्या, हे बघूनही तिथं आणखी खांब रोवायचे म्हणजे कमाल आहे.

एन_सात
मंडळी, दोन दिवस घरात चर्चा करून नवा बेत टाकतोय, शेवटचा हात फिरवा.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सचखंड. दिल्लीहून संध्याकाळपर्यंत ऋषिकेश, मुक्काम. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून गोविंदघाट. मग पुलना ते घांगरिया पायी, आईसाठी भ्यूंडारच्या पुलानंतर घोडा (ती नाही म्हणतेय, पण ठरवून ठेवतोय). एक दिवस फुलांची घाटी. पुढचा दिवस हेमकुंड, पहाटे साडेचारला बाहेर. परतीची वेळ आत्ताच ठरवली: जिथं असू तिथून दुपारी एकला उलटं फिरायचं, तलाव दिसो न दिसो. मग उतरून बद्रीनाथ, आणि परतीच्या गाडीआधी एक दिवस मोकळा, रस्ता बंद पडला तर हाताशी. यात्रेची ऑनलाइन नोंदणी चौघांची करणार.

सरावासाठी पुढच्या रविवारपासून देवगिरी. मधे एकदा कळसूबाई शिखर बारी गावातून, तो चढ नऊशे मीटरच्या आसपास आहे म्हणे. मेव्हणा म्हणतो हर्सूलची फेरी पुरे. बघू.

डॉ_सुट्टीवर
एकची वेळ साडेबारा करा. वर ढग दुपारी दाटतात आणि आईंना उतरायला तुम्हाला वाटतंय त्याहून जास्त वेळ लागेल. बाकी बेत उत्तम.

नगीनाघाट
रोख पैसे गोविंदघाटच्या आधीच काढून ठेवा, वर मोबाइलच्या भरवशावर राहू नका. आणि ब्रह्मकमळ दिसलंच तर तोडू नका, कोणी विकायला आणलं तर घेऊ नका.

लिंबोणी
एन_सात दादा, आम्ही दोघं परभणीहून त्याच गाडीला चढलो तर चालेल का? टॅक्सीचा खर्चही वाटला जाईल. दशम्या माझ्याकडून.

एन_सात
चालेल की ताई. सहा जणांना मोठी गाडी लागेल, मी ऋषिकेशला दोन ठिकाणी भाव विचारून इथेच टाकतो. मुलं असतील तर आधी सांगा, डॉक्टरांना विचारून घेऊ.

तेरणाकाठ
दशम्या असतील तर मी पण येतो 😄